खडपावर जाताना आधी पंचांग बघा

वाळूचा किनारा कोणीही कधीही जाऊन बघावा. खडपाचं तसं नाही. कातळ समुद्रात उतरतो, ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला बुडतो, तो भाग म्हणजे खडप. चुकीच्या वेळी गेलात तर समोर नुसत्या फुटणाऱ्या लाटा दिसतील, बरोबर वेळी गेलात तर दोन-अडीच तास कमी पडतील. नवीन माणूस दुर्बीण कोणती घ्यावी, कॅमेरा कुठला चांगला, अशी चौकशी करतो. माझं म्हणणं, आधी पाण्याचं वेळापत्रक शिका. प्राण्यांची नावं मागाहून येतात, आणि नाही आली तरी बिघडत नाही.

जागा शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबईत हाजी अली, वांद्र्याचं बँडस्टँड, कार्टर रोड आहेत. रायगडात हरिहरेश्वर, रत्नागिरीत आरे-वारे आणि गणपतीपुळ्याच्या आजूबाजूचा कातळ, सिंधुदुर्गात विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, गोव्यात हणजूण आणि वागातोर. उत्तरेकडे बहुतेक काळा पाषाण, दक्षिणेकडे सरकावं तसा जांभा वाढत जातो. जांभ्याला भोकं आणि कपारी जास्त, त्यामुळे लपायला जागा जास्त. काळ्या पाषाणावर पाणी साठून राहणारी डबकी चांगली मिळतात.

पहिली गोष्ट, दिवस आणि वेळ ठरवणं

दिवसाला दोन भरत्या आणि दोन सुकत्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणून रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. भांगाच्या दिवशी खडपावर जाणं म्हणजे दुकान अर्धं उघडं असताना खरेदीला जाणं.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा वाजता. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ आली. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, आणि भरती दक्षिणेकडून वर सरकत येत असल्यामुळे मालवण-गोव्याकडे ती मुंबईपेक्षा आधी येते. तिथे घड्याळ थोडं मागे धरा.

आता याच हिशेबाने एक सोयीची गोष्ट निघते. ऐन पौर्णिमेला किंवा अमावास्येला ओहोटी पहाटे साडेपाचच्या आसपास पडते. हिवाळ्यात तेव्हा काळोख असतो. पण उधाणाचा खरा जोर तिथीनंतर दोनेक दिवसांनी येतो. म्हणजे द्वितीया-तृतीयेला पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं आणि ओहोटीही सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान पडते. उजेड कोवळा, ऊन चढलेलं नाही, खारा वारा सुटलेला नाही. नवशिक्याने पहिली फेरी याच दोन तिथींपैकी एकीला ठेवावी.

हा झाला अंदाज. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते काढतो, आणि मोबाइलवर भरतीची अ‍ॅप्स ढिगाने आहेत. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची असते, ती वाचायला शिका. मुंबईत ओहोटीची उंची 0.5 मीटरच्या खाली असेल तर खालचा, एरवी न दिसणारा पट्टा उघडा पडतो. 1.5 मीटर असेल तर फिरून या, पण फार अपेक्षा ठेवू नका. मालवणात उधाणालाही भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपासच असतो, तेव्हा मुंबईचा आकडा तिथे लावायचा नाही.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर खडपावर उतरायचंच नाही. लांबून, उंचावरून पाऊस आणि लाटा बघा. एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक फसवी गोष्ट होते. इथे वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं, पण दक्षिणेकडच्या लांबच्या महासागरात उठलेली लाट हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्यावर येते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते. जायच्या सकाळी तो इशारा बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट, पायात काय

जुने कॅनव्हासचे बूट, रबरी तळव्याचे. स्लिपर नको, अनवाणी तर मुळीच नको. खडपावर खडपी कालवं असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. पायाला लागलेलं कालव चिघळतं, हे कोकणात कोणालाही विचारा. टोपी, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल (शाईचं पेन ओल्या कागदावर चालत नाही), मोबाइलला प्लास्टिकची पिशवी. कपारीत डोकावायला छोटी बॅटरी. बादली, जाळी, बरण्या घरी ठेवा. एकट्याने जाऊ नका आणि कुठे जाताय ते घरी सांगून निघा.

तिसरी गोष्ट, उतरण्याआधी वर उभं राहणं

नवीन माणूस हीच पायरी गाळतो, म्हणून इथे जरा जास्त थांबतो. ओहोटीच्या पूर्ण वेळेआधी दीड-दोन तास पोहोचा. पोहोचल्याबरोबर खाली धावू नका. उंच, कोरड्या जागी पंधरा मिनिटं उभे राहा आणि नुसतं पाणी बघा.

लाटा एकसारख्या येत नाहीत. पाच-सात लहान येतात, मग दोन-तीन मोठ्या एकापाठोपाठ येतात, पुन्हा शांतता. दोन मिनिटं बघून "आज समुद्र शांत आहे" म्हणणारा माणूस मोठ्या लाटांच्या दोन पाळ्यांच्या मधे उभा असतो. मोठ्यातली मोठी लाट कुठवर चढते ते एखाद्या खुणेच्या दगडावर धरून ठेवा. कातळ ओला आहे, पाऊस तर पडलेला नाही, म्हणजे थोड्या वेळापूर्वी तिथे पाणी आलं होतं. त्या ओल्या रेषेच्या खाली समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कातळाला लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने जाळीदार खळगे पाडलेत, बघत राहावं असं ते काम आहे. त्याच वाटेवर लाटेने ओढून नेल्याच्या घटना झाल्यात. भरतीच्या वेळी तिथे उतरू नका असं गावातली माणसं सांगतात, तेव्हा ऐकायचं.

परतीची वाट याच वेळी ठरवा. खडप सपाट दिसतं पण सपाट नसतं, त्यात चर आणि घळी असतात. पाणी लागायला, म्हणजे परत चढायला, सुरुवात झाली की ते तुमच्या पायाशी येण्याआधी तुमच्या पाठीमागच्या घळीत शिरतं. तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे, आणि मागे कमरेइतकं पाणी. म्हणून जाताना ओलांडलेली प्रत्येक घळ लक्षात ठेवा.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही, हेही डोक्यात असू द्या. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. मुंबईत चार मीटरचा फरक असेल त्या दिवशी पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी चढतं आणि तिसऱ्या तासात मीटरभर. पहिल्या तासाच्या संथपणाला भुलून बसून राहणारे अडकतात. ओहोटी पूर्ण झाली की अर्ध्या तासात वरच्या वाटेला लागायचं. पाणी उतरताना त्याच्या मागे मागे खाली जा, वळलं की त्याच्या पुढे पुढे वर या.

जवळपास कालवं काढणाऱ्या बायका किंवा गरी टाकून बसलेला कोणी असेल तर नमस्कार करून विचारा, "मावशी, पाणी कधी लागणार?" त्यांचा अंदाज अ‍ॅपपेक्षा त्या जागेला जास्त धरून असतो. त्या कामात असतात, तेव्हा फोटोआधी परवानगी.

चौथी गोष्ट, उतरताना थर बघणं

चालताना रंगावर लक्ष ठेवा. पांढरट, खरखरीत कातळावर बार्नेकल, म्हणजे दगडाला चिकटून राहणारे बारीक कवचाचे प्राणी असतात. पाय तिथे चांगला धरतो, पण ते जिवंत आहेत, शक्य तिथे उघड्या दगडावर पाय ठेवा. हिरव्या शेवाळावर पाय घसरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त दगा देतो तो काळा, ओला, चमकणारा कातळ. त्यावरची शेवाळाची बारीक साय डोळ्यांना दिसतच नाही.

सगळ्यात वरच्या भागात, जिथे फक्त तुषार पोहोचतात, तिथे भेगांमधे डाळीच्या दाण्याएवढे शंख गर्दी करून बसलेले असतात. पावलांची चाहूल लागली की झुंडीने पळणारे चपटे किडे दिसतील. लोक त्यांना झुरळं समजतात. ते लिजिया, खेकड्या-कोळंब्यांच्या नात्यातले. त्याखाली बार्नेकल आणि कालवांचा पट्टा, मधून मधून शंकूसारखे, कातळाला घट्ट धरून बसलेले लिम्पेट नावाचे शंख. काही जातींचे लिम्पेट भरतीला शेवाळ खायला फिरतात आणि पाणी उतरायच्या आत आपल्या ठरलेल्या जागी परततात. कवचाची कड आणि दगडाचा खळगा एकमेकांना नेमके बसलेले असतात. उपटून बघू नका, पुन्हा नीट बसता येत नाही.

आणखी खाली शेवाळांचे प्रकार वाढतात. पातळ हिरवं अल्वा, तपकिरी सरगॅसम, त्यात हवेचे बारीक फुगे. सगळ्यात खालच्या पट्ट्यात, जो उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, तिथे स्पंज, समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन, हे प्राणीच), त्यांच्याच नात्यातल्या झोअँथिडच्या चादरी, काटेरी समुद्री साळ्या (सी अर्चिन), समुद्री गोगलगायी. नशीब असेल तर कपारीतून बघणारा ऑक्टोपस. वाळूच्या कणांची घरं एकमेकांना चिकटवून केलेले, भोकाभोकांचे उंचवटे दिसले तर ते किड्यांनी बांधलेले आहेत. त्यावर पाय पडला की मोडतात.

एका ठिकाणी बसा. खरं बघणं इथे सुरू होतं. ताटाएवढं एक डबकं निवडा, आपली सावली त्यावर पडणार नाही असं बसा आणि दहा मिनिटं हलू नका. पहिली दोन मिनिटं डबकं रिकामं दिसतं. मग एक शंख चालायला लागतो, नीट बघितलं तर त्याला पाय आहेत, म्हणजे आत शंखी खेकडा आहे. तळाशी दगडाच्या रंगाचा बोटभर मासा पुढच्या परांवर टेकून बसलेला दिसतो, तो मघापासून तिथेच होता. कडेचा मळकट जेलीचा गोळा म्हणजे मिटलेलं समुद्रफूल. पाण्याबाहेर ते तसंच गोळा होऊन बसतं, पाण्यात असेल तर हळूहळू शेंड्या पसरतं. आणि पाण्याखालचे बार्नेकल बघा. मधली दोन झाकणं उघडतात, आतून पिसासारखे पाय बाहेर येतात, पाण्यात मूठ आवळल्यासारखी हालचाल करतात आणि आत जातात, सारखं तेच. हा प्राणी डोकं दगडाला चिकटवून उलटा राहतो आणि पायांनी अन्न ओढतो. पन्नास प्राण्यांचे धावते फोटो काढण्यापेक्षा हे एक डबकं जास्त शिकवतं, असं माझं ठाम मत आहे.

दगड उलटायचा असेल तर हाताने सहज उचलला जाईल एवढाच. हळू, एका बाजूने, खाली डोकावून, आणि मिनिटभरात होता तसाच, त्याच बाजूवर परत. खालच्या बाजूचे प्राणी सावलीतले असतात, उन्हात राहिले की वाळून मरतात. रविवारी गर्दीच्या किनाऱ्यावर उलटे टाकलेले दगड दिसतात. ते सरळ करून ठेवायला काही हरकत नाही.

काय हाताळू नये

साधं उत्तर, काहीच नाही. तरी काही गोष्टी नावानिशी. सुंदर नक्षीचे, एका टोकाला निमुळते होत गेलेले शंकूसारखे जिवंत शंख उचलू नका, कोन शंखांना विषारी दंश असतो आणि काही जातींचा माणसाला जिवावर बेततो. कपारीत हात घालू नका, आत वाम असेल किंवा दगडासारखा दिसणारा काटेरी मासा. पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, ते ब्लू बॉटल. वाळलेले दिसले तरी तंतू डसतात. डसलाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा, सोसेल इतक्या गरम पाण्याने शेका, आणि श्वासाला त्रास किंवा चक्कर असेल तर थेट दवाखाना. माशाचा काटा रुतला असेल तरी गरम पाण्याने आराम पडतो, पण डॉक्टरला दाखवायचंच.

कायद्याची बाजूही आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही शंख-शिंपले संरक्षित आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही घरी आणायचा नाही. मुंबईत प्रवाळ कुठला, असं वाटत असेल तर हे बघा: किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडपावरच्या प्रवाळांच्या वसाहती 2020 मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर उभं राहणारे पर्यटक बघून चिडायला होतं. नाववाल्या दादांना सांगितलं तर बरेच जण स्वतःहून टोकतात.

मान वर करूनही बघा

पायाखाली बघता बघता पक्षी सुटतात. पाण्याच्या कडेला राखाडी-काळा, गळ्यावर पांढरा डाग असलेला समुद्र बगळा एकटाच दबा धरून असतो. त्याचाच पांढरा अवतारही असतो, नवखे त्याला गायबगळा समजतात. शेपटी सारखी खालीवर करणारा तुतवार हिवाळ्यात जवळपास प्रत्येक खडपावर भेटतो. दगड-शेवाळ चोचीने उलटणारा टर्नस्टोनही येतो. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) ऑक्टोबरनंतर वाढतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उंच झाडावर समुद्र गरुडाचं घरटं असू शकतं, त्याच्या खाली गलका करू नका. आणि सकाळी मतलई वारा असताना, पाणी काचेसारखं असतं तेव्हा, लांबवर पाठीचा कुबड दिसून बुडाला तर तो गादा, कुबडवाला डॉल्फिन. दापोली-हर्णै ते मालवण या पट्ट्यात किनाऱ्यावरूनही दिसतो. दुर्बिणीचा खरा उपयोग इथे.

पाण्याची प्रकृती

प्राण्यांइतकंच पाणीही नोंदवण्यासारखं असतं. पाण्याला हिरवट किंवा लालसर रंग, आंबूस वास, रात्री लाट फुटताना निळा उजेड: यामागे बहुतेक नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्म जीव असतात. बघायला छान, पण ते फार वाढले की पाण्यातला प्राणवायू कमी पडतो आणि मासे मरतात. मे ते सप्टेंबर काळे चिकट डांबरगोळे किनाऱ्याला लागतात, ते बुटावरून खोबरेल तेलाने निघतात. खडपावर गाळाचा थर नव्याने साचलेला दिसला तर जवळ कुठे भराव किंवा बांधकाम चाललंय का बघा. अडकलेली जाळी दिसली तर तिच्यात जिवंत काही आहे का ते आधी बघायचं, मग ओढायची.

शेवटी वही

दर फेरीला एक पान. वर तारीख आणि तिथी, जागा, ओहोटीची वेळ आणि उंची, वारा कुठून, लाटा कशा, पाण्याचा रंग. खाली काय दिसलं आणि कुठल्या थरात दिसलं. नाव माहीत नसेल तर चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल. एक कायमची जागा ठरवा, सुतळीने अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा चौकोन करा आणि दर वेळी त्याच जागेचा सरळ वरून फोटो घ्या. वर्षभराचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की शेवाळ कधी येतं, कधी जातं, पावसाळ्यानंतर कातळ कसा धुऊन निघतो, ते दिसतं.

ओळख पटवायला फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तिथे जाणकार मदत करतात. मुंबईत असाल तर मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट 2017 पासून खडपावरच्या फेऱ्या घेतो. पहिल्यांदा अशा कोणाबरोबर गेलात तर अर्धी मेहनत वाचते. जखमी कासव किंवा किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन दिसला तर पाण्यात ढकलू नका. लोकांना दूर ठेवा, सावली करा, अंग ओलं ठेवा, डॉल्फिनच्या डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका, आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन लावा. ते जागा विचारतात, तेव्हा जवळच्या देवळाचं किंवा धक्क्याचं नाव आधीच बघून ठेवलेलं बरं.